ॲव्हरेज किती देते? तोयो कोग्योचं संकट, १९७३ ते १९७९

१९७५ च्या ऑक्टोबरात हिरोशिमा शहर आनंदानं वेडं झालं होतं. गावचा बेसबॉल संघ, हिरोशिमा तोयो कार्प, पाव शतक तळाशी खितपत पडल्यावर पहिल्यांदाच आपल्या लीगमध्ये अव्वल आला होता. संघाच्या नावातला ‘तोयो’ म्हणजे गावातला कारखाना, तोयो कोग्यो. त्याच्या मोटारी जगभर ‘माझदा’ या नावानं विकल्या जात. कोहेई मात्सुदा संघाचे मालक होते आणि कारखान्याचे अध्यक्षही. त्याच वर्षी त्यांच्या कारखान्याच्या हिशेबात १७.३ अब्ज येनचा तोटा निघाला. संघ जिंकला, कारखाना बुडायला आला. आणि कारखाना बुडाला असता तर गाव कुठे राहिलं असतं, हे संघाच्या विजयात नाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

या प्रकरणाची गोष्ट साधारण अशी सांगतात: रोटरी इंजिन पेट्रोल फार पीत असे, १९७३ साली तेल महागलं, कंपनी कोसळली, बँकेनं वाचवली. यातलं काहीच खोटं नाही. पण इंजिनाच्या तहानेनं कंपनी आजारी पडली असेल. तिला अंथरुणाला खिळवलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. तहानेचा आकडा बाहेरच्या कुणीतरी मोजून समोर ठेवला, तेव्हा कंपनीनं तो अपमान मानला. मला या प्रकरणात रस आहे तो इथे. आणि नंतरच्या सुटकेतही: बदनाम झालेलं इंजिन फेकून न देता त्याला योग्य गिऱ्हाईक शोधून दिलं, या चतुराईत.

कारखान्याचा जन्म १९२० चा. तेव्हा तो बुचाच्या लाकडापासून वस्तू बनवणारा उद्योग होता. पुढच्याच वर्षी जुजिरो मात्सुदा अध्यक्ष झाले. कोळ्याच्या घरातला, भावंडांत शेंडेफळ, लहानपणी ओसाकात लोहारकाम शिकलेला माणूस. बुचावर फार काळ भागणार नाही हे ओळखून त्यांनी यंत्रांकडे मोर्चा वळवला. १९३१ मध्ये तीनचाकी मालवाहू गाडी आली आणि तिच्यावर ‘माझदा’ हे नाव लागलं. नावात मात्सुदा आडनावाचा ध्वनी आहे आणि झरथुष्ट्राच्या धर्मातला ‘अहुर मझ्द’ही आहे, कंपनी दोन्ही अर्थ सांगते. मुंबईत पारशी शेजार लाभलेल्या मराठी वाचकाला हे नाव जपानी वाटणं कठीणच.

६ ऑगस्ट १९४५ हा जुजिरोंचा सत्तरावा वाढदिवस होता. त्या सकाळी शहरावर अणुबाँब पडला. कारखाना स्फोटाच्या जागेपासून सुमारे पाच किलोमीटर दूर, मध्ये हिजियामा टेकडी; इमारती बऱ्याचशा वाचल्या. प्रांताचं सरकारी कार्यालय नष्ट झालं होतं, ते काही महिने याच कारखान्याच्या आवारातून चाललं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तीनचाकी गाड्या पुन्हा बाहेर पडू लागल्या. उद्ध्वस्त गावात ढिगारे उपसायला आणि धान्य वाहायला या गाड्या होत्या. हा तपशील मी मुद्दाम देतोय. तीस वर्षांनी हिरोशिमाच्या लोकांनी कंपनीसाठी जे केलं ते नुसत्या व्यापारी हिशेबात बसत नाही. त्याची मुळं इथे आहेत.

रोटरी का घेतलं

जुजिरोंचे पुत्र त्सुनेजी १९५१ मध्ये अध्यक्ष झाले. पहिली प्रवासी मोटार, चिमुकली आर ३६०, १९६० ची. म्हणजे टोयोटा आणि निसान पुढे निघून गेल्यावर. त्यात टोकियोच्या व्यापार-उद्योग मंत्रालयाच्या डोक्यात एक योजना घोळत होती: देशात मोटारकंपन्या फार झाल्या, त्यांचे मोजके गट करावेत, म्हणजे परदेशी स्पर्धेला तोंड देता येईल. या योजनेचा कायदा शेवटी झाला नाही, पण टांगती तलवार खरी होती. प्रांतातली, उशिरा आलेली, तीनचाकीवाली कंपनी कुणाच्या तरी पोटात जाणार हे उघड होतं.

वेगळं टिकायचं तर इतरांकडे नसलेलं काहीतरी हवं. त्सुनेजींनी जर्मनीच्या एनएसयू कंपनीकडून फेलिक्स वांकेल यांच्या रोटरी इंजिनाचा परवाना १९६१ मध्ये घेतला. या इंजिनात पिस्टन वरखाली होत नाही. भुईमुगाच्या शेंगेसारख्या कमरेत आवळलेल्या कवचात, फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर फिरत राहतो. त्याच्या तीन बाजूंना तीन पोकळ्या तयार होतात आणि हवा घेणं, दाबणं, पेटवणं, धूर सोडणं ही सगळी कामं फिरता फिरता उरकतात. भाग कमी, वजन कमी, थरथर जवळजवळ नाही, आणि आकाराच्या मानानं ताकद भरपूर. कागदावर स्वप्नच.

धातूत उतरवल्यावर मात्र त्रिकोणाच्या तिन्ही टोकांवरची सील, म्हणजे पोकळ्यांतला वायू गळू न देणाऱ्या पट्ट्या, कवचाच्या आतल्या भिंतीवर आडवे ओरखडे काढू लागली. हिरोशिमातल्या इंजिनिअरांनी त्यांना नाव दिलं ‘सैतानाच्या नखांचे ओरखडे’. १९६३ मध्ये केनिची यामामोतो यांच्या हाताखाली खास विभाग उघडला. माणसं सत्तेचाळीस. जपानात सत्तेचाळीस म्हटलं की धन्यासाठी जीव देणारे सत्तेचाळीस रोनिन, म्हणजे धनी गमावलेले सामुराई, आठवतात, आणि हा योगायोग कुणी सोडला नाही. सीलच्या आतला भाग पोकळ करून तिची कंपनं बदलून पाहिली, आणि उत्पादनासाठी शेवटी ॲल्युमिनियम मुरवलेल्या कार्बनची सील जमली. मे १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट बाजारात आली: प्रत्येकी ४९१ सीसीचे दोन रोटर, ११० अश्वशक्ती, आणि अवकाशयानासारखा देखणा आकार.

ज्यांनी इंजिन विकलं त्या एनएसयूचं काय झालं हेही पाहण्यासारखं आहे. त्यांची आरओ ८० त्याच वर्षी आली, १९६८ ची युरोपातली ‘कार ऑफ द इयर’ ठरली, आणि सील झिजून वॉरंटीत इंजिनं बदलून देता देता कंपनीचा दम निघाला. १९६९ मध्ये ती फोक्सवॅगनच्या घरात गेली. म्हणजे ओरखडे मिटवणं ही नुसती प्रयोगशाळेतली हौस नव्हती. त्सुनेजी १९७० मध्ये वारले तेव्हा जगात रोटरी इंजिन खात्रीनं बनवू शकणारी कंपनी व्यवहारात एकच होती. त्याच वर्षी जनरल मोटर्सनं परवान्यासाठी ५ कोटी डॉलर देण्याचा करार केला. डेट्रॉईटचा राजा आपल्या वाटेवर येतोय, यापेक्षा मोठं प्रमाणपत्र कोणतं?

अमेरिकेतली भरारी

त्सुनेजींचे पुत्र कोहेई अध्यक्ष झाले आणि कंपनीनं अमेरिकेत पाय ठेवला, १९७० मध्ये, वायव्येकडच्या सिएटलपासून. तिथे तिनं जवळजवळ सगळी भिस्त रोटरीवर ठेवली. आरएक्स-२, आरएक्स-३, आरएक्स-४ अशा गाड्या भराभर आल्या. घोड्यांच्या टापांसारख्या आदळणाऱ्या पिस्टनऐवजी गुणगुणणारं इंजिन, ही गंमत अमेरिकनांना आवडली. जपानी कंपनी म्हणजे स्वस्त आणि साधी गाडी, हा समज असताना माझदा ‘उद्याचं तंत्रज्ञान’ विकत होती.

त्यातच अमेरिकेच्या १९७० च्या शुद्ध हवा कायद्यानं धुरातले घातक घटक नव्वद टक्क्यांनी कमी करायला सांगितलं होतं. डेट्रॉईटच्या कंपन्या ‘अशक्य’ म्हणून ओरडत होत्या. होंडानं ते करून दाखवलं आणि पाठोपाठ, १९७३ च्या सुरुवातीला, माझदाच्या रोटरीनंही चाचणी पार केली. हिरोशिमात याचा केवढा अभिमान वाटला असेल!

या यशाच्या पोटातच पुढचं दुखणं होतं, आणि हा भाग समजून घेतल्याशिवाय प्रकरण कळत नाही. रोटरीत पेट्रोल पेटतं ती पोकळी लांबट आणि पसरट असते. खोल पातेल्यात उष्णता राहते, पसरट परातीत निवते, तसंच काहीसं: भिंतींचा पृष्ठभाग जास्त, त्यामुळे उष्णता वाया जाते आणि कडेचं पेट्रोल पुरतं जळत नाही. हे अर्धकच्चं पेट्रोल धुरातून बाहेर जातं. ते थोपवायला माझदानं धुराच्या वाटेत ‘थर्मल रिॲक्टर’ बसवला, म्हणजे उरलेलं पेट्रोल जाळून टाकणारी भट्टी. भट्टी पेटती ठेवायची तर धुरात जळण्यासारखं काहीतरी शिल्लक हवं, म्हणून इंजिनाला गरजेपेक्षा जास्तच पेट्रोल पाजायचं. हवा शुद्ध ठेवण्याची परीक्षा पास व्हायची किंमत टाकीतून वसूल होत होती.

आणि त्याच सुमारास अमेरिकेची पर्यावरण संस्था, ईपीए, प्रत्येक मॉडेलचं मायलेज मोजून जाहीर करू लागली. शहरी चाचणीत माझदाच्या रोटरी गाड्यांना गॅलनला ११ मैलांच्या आसपास आकडा मिळाला. आपल्या भाषेत लिटरला पावणेपाच किलोमीटरच्या आतच. डेट्रॉईटच्या अगडबंब गाड्याही एवढंच पेट्रोल पीत, पण त्या घेणारा माणूस जणू चाकांवरचं घरच विकत घ्यायचा. त्याला फरक पडत नव्हता. छोटी जपानी गाडी घेणारा मात्र पैशांचा हिशेब करूनच दुकानात शिरलेला असतो. ‘ॲव्हरेज किती देते?’ हा प्रश्न काही फक्त आपल्याकडचा नाही.

कंपनीचं उत्तर: चाचणीची पद्धत चुकीची आहे, खऱ्या रस्त्यावर आमची गाडी एवढं पीत नाही. त्यात थोडं तथ्य असेलही. प्रयोगशाळेतला आकडा आणि रस्त्यावरचा आकडा कधीच जुळत नाही. पण तक्रार इतरांनाही तेवढीच लागू होती, आणि त्यांच्या छोट्या गाड्या त्याच चाचणीत दुपटीच्या आसपास मायलेज दाखवत होत्या. सरकारी संस्थेशी वाद घालताना तो आकडा वर्तमानपत्रांतून पुन्हा पुन्हा छापून येत राहिला, इतकंच झालं. माझ्या मते कंपनीची मोठी चूक ही. आकडा आला तेव्हा तेलाचं संकट अजून यायचं होतं. हातात काही महिने होते. ते भांडणात गेले.

ऑक्टोबर १९७३ नंतर

ऑक्टोबर १९७३ मध्ये पश्चिम आशियात युद्ध पेटलं, अरब देशांनी तेल रोखलं, आणि पिंपामागे तीन डॉलरच्या आसपास असलेला भाव जानेवारी १९७४ पर्यंत अकरा डॉलरच्या वर गेला. जपान जवळपास सगळं तेल बाहेरून आणणारा देश. तिथे घबराट इतकी की ओसाकाच्या उपनगरात बायकांनी टॉयलेट पेपरसाठी दुकानांत झुंबड उडवली आणि ते लोण देशभर पसरलं. अमेरिकेत पेट्रोल पंपांवर मैलभर रांगा.

अशा वेळी ‘गॅलनला ११ मैल’ हा आकडा चिकटलेली गाडी कोण घेणार? अमेरिकेतली विक्री कोसळली. जुन्या गाड्यांची फेरविक्रीची किंमतही घसरली, आणि त्यामुळे नव्या गाडीचं गिऱ्हाईक आणखी बिचकलं.

तरी कोहेईंनी उत्पादनाला लगेच लगाम घातला नाही. संकट तात्पुरतं आहे, लोक परत येतील, असा त्यांचा अंदाज. न विकलेल्या गाड्या आवारांत आणि बंदरांत साचत गेल्या आणि त्यांच्यासाठी काढलेल्या कर्जाचं व्याज रोज वाढत गेलं. त्यांच्यावर फार कठोर व्हायला मन धजत नाही. आजोबांनी राखेतून कारखाना उभा केला, वडिलांनी सगळे ‘वेडे’ म्हणत असताना रोटरी तडीस नेली. तिसऱ्या पिढीनं घरात हेच शिकलेलं असणार की लोक नाही म्हणतात तेव्हा नेट लावायचा. एरवी जो गुण, तोच इथे अंगाशी आला.

कारखान्याच्या वेळापत्रकाचाही एक भाग आहे, तो मला जास्त बोलका वाटतो. नवी गाडी ठरल्यापासून बाजारात यायला वर्षं लागतात, त्यामुळे तेलसंकटाच्या आधी आखलेली मॉडेलं संकट ऐन भरात असताना येत राहिली. १९७४ मध्ये चक्क रोटरी इंजिनावरची मिनीबस आली, पार्कवे २६. १९७५ मध्ये रोडपेसर आली: ऑस्ट्रेलियातून आणलेला होल्डनचा दीड टनी सांगाडा, आत १.३ लिटरचं रोटरी इंजिन, गिऱ्हाईक म्हणून डोळ्यांसमोर मोठे साहेब आणि सरकारी अधिकारी. आठशेच्या आसपास बनल्या. छोट्या, हलक्या, वेगानं फिरायला आवडणाऱ्या इंजिनाला हत्ती ओढायला लावला होता. रोटरी सगळ्या रोगांवरचं एकच औषध आहे, ही श्रद्धा या दोन गाड्यांत जशी दिसते तशी कुठल्या ताळेबंदात दिसणार नाही.

एव्हाना इतरांनी अंग काढून घेतलं होतं. जनरल मोटर्सनं सप्टेंबर १९७४ मध्ये रोटरी लांबणीवर टाकली ती कायमचीच. सिट्रोएननं १९७३ च्या शरदात काढलेली रोटरी जीएस ८४७ गाड्यांवर थांबली; कंपनीनं त्या परत विकत घेऊन मोडीत काढायचा प्रयत्न केला, सुटे भाग पुरवण्याची कटकट नको म्हणून. प्रमाणपत्र देणारे सगळे निघून गेले. हिरोशिमा एकटी उरली.

बँकेची माणसं

तोयो कोग्योची मुख्य बँक सुमितोमो. जपानात ‘मुख्य बँक’ म्हणजे फक्त सर्वांत जास्त कर्ज देणारी नव्हे. कंपनी अडचणीत आली की इतर सावकार तिच्या तोंडाकडे पाहतात; ती ठाम उभी राहिली तर बाकीचे थांबतात, ती सरकली तर सगळे तुटून पडतात. सुमितोमोनं इतर बँकांना आणि पुरवठादारांना कळवलं की आम्ही मागे उभे आहोत.

हे भूतदयेपोटी होतं असं मानायचं कारण नाही. त्याच काळात सुमितोमोचीच दुसरी एक कर्जदार, अताका ही मोठी व्यापारी कंपनी, कॅनडातल्या तेलशुद्धीच्या धंद्यात हात पोळून बुडाली. तिला बँकेनं वाचवलं नाही; १९७७ मध्ये इतोचूमध्ये विलीन करून टाकलं आणि शंभर अब्ज येनहून अधिक कर्जावर पाणी सोडलं. दोन्ही प्रकरणांत सुमितोमोचे इचिरो इसोदा पुढे होते. म्हणजे बँकेला मोडणंही येत होतं. तोयो कोग्योच्या बाबतीत तिनं जपायचं ठरवलं, कारण इथे कारखाना होता, हात होते, आणि पुरवठादारांचं सबंध जाळं एका शहरात एकवटलेलं होतं. अताकाकडे होती ती येणी आणि देणी.

१९७६ च्या सुरुवातीला बँकेचे त्सुतोमु मुराई कंपनीत आले. पैसा, नियोजन, खर्च यांच्या किल्ल्या बँकेच्या माणसांकडे गेल्या. कोहेई अध्यक्षपदावर होते, पण घरचा कारभार पाहुण्यांच्या हाती गेल्यावर यजमानाची जी अवस्था होते, ती. १९७७ च्या अखेरीस ते पायउतार झाले आणि कारखान्यातच वाढलेले योशिकी यामासाकी अध्यक्ष झाले. बाहेरच्या बँकरला त्या खुर्चीवर बसवलं नाही, हेही शहाणपणाचं. मात्सुदा घराण्याची तीन पिढ्यांची गादी संपली. बेसबॉल संघ मात्र कोहेईंकडेच राहिला.

माणसांचा प्रश्न सर्वांत अवघड होता. संकट आलं तेव्हा कामगारसंख्या सदतीस हजारांच्या आसपास होती. पुढच्या काही वर्षांत ती सुमारे दहा हजारांनी घटली, पण नोकरीवरून कुणाला काढलं नाही: निवृत्तांच्या जागा भरल्या नाहीत, बोनस छाटला, पगारवाढ रोखली, वरिष्ठांचे पगार कापले. आणि जे हात रिकामे होते त्यांना गाड्या विकायला पाठवलं. जपानात तेव्हा मोटार दारोदार फिरून विकायची पद्धत होती. काल नट आवळणारा, रंग फवारणारा किंवा टेबलावर बसणारा माणूस आज टोकियो-ओसाकाच्या गल्ल्यांत परक्यांच्या दारावरची घंटी वाजवत होता, घर-संसार हिरोशिमात ठेवून. साधारण दोन वर्षांची पाळी. १९७५ पासून पुढची चार-पाच वर्षं हजारो जण असे गेले.

यावर दोन मतं आहेत. काहींना यात जपानी कारखानदारीचं कुटुंबवत्सल रूप दिसतं. मला ते तितकं गोड वाटत नाही. यंत्रावर आयुष्य काढलेल्या माणसाला अनोळखी दारांवर उभं करणं ही शिक्षाच आहे, भले पगार चालू असो. पण एक परिणाम खरा: ही माणसं कारखान्यात परतली तेव्हा गिऱ्हाईक काय विचारतं हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. अमेरिकेच्या चाचणीतला आकडा साहेबांना अपमान वाटला होता. दारात उभ्या असलेल्या कामगाराला तोच प्रश्न तोंडावर विचारला जात होता, आणि त्याला वाद घालायची सोय नव्हती.

गावानंही हात दिला. हिरोशिमातल्या उद्योग-व्यापाऱ्यांनी मंडळ स्थापून ‘गावची गाडी घ्या’ अशी मोहीम चालवली. आजही हिरोशिमाच्या रस्त्यांवर माझदा जितक्या दिसतात तितक्या जपानात इतरत्र दिसत नाहीत. सुमितोमो गटातल्या कंपन्यांनीही माझदा खरेदी केल्या.

इंजिनाला गिऱ्हाईक

बँकेच्या माणसांनी रोटरी बंद करायला सांगितली असती तर कुणाला नवल वाटलं नसतं. वहीखात्यात तेच बरोबर ठरलं असतं. झालं ते वेगळं. यामामोतोंच्या विभागाला इंधनाचा खर्च चाळीस टक्क्यांनी खाली आणण्याचं काम मिळालं, ‘फिनिक्स’ या नावानं. राखेतून उठणारा पक्षी. हिरोशिमात या नावाचा अर्थ समजावून सांगावा लागत नसणार. धुराच्या भट्टीत सुधारणा, सील सुधारणा, मिश्रणातलं पेट्रोल कमी करणं, असं पायरीपायरीनं ते उद्दिष्ट गाठलं. लक्षात घ्या, हे तेच इंजिन ज्याच्याबद्दल कंपनी म्हणत होती की चाचणीच चुकीची आहे.

दुसरीकडे, घर चालवणाऱ्या गाड्या पिस्टनकडे परत गेल्या. जानेवारी १९७७ ची नवी फॅमिलिया अगदी साधी, मागे वर उघडणाऱ्या दाराची छोटी गाडी होती. अमेरिकेत तिचं नाव जीएलसी, म्हणजे ‘ग्रेट लिटल कार’. तिच्यात भविष्य वगैरे काही नव्हतं, मायलेज होतं. तिनं पैसा आणला.

मग मार्च १९७८ मध्ये आरएक्स-७ आली. दोन दारं, दोन माणसं आणि नावापुरती मागची जागा, मिटणारे दिवे, आणि पुढच्या आसाच्या मागे बसवलेलं रोटरी इंजिन. ते लहान आणि हलकं असल्यामुळेच ही रचना जमली. तेवढ्या ताकदीचं पिस्टन इंजिन तिथे मावलं नसतं. अमेरिकेत किंमत ७ हजार डॉलरच्या आत, पोर्शेच्या मानानं कुठल्या कुठे. ही गाडी घेणारा ॲव्हरेज विचारत नाही. विचारलं तरी उत्तर ऐकून निघून जात नाही. मिनीबसमध्ये जे दोष होते, तेच इथे किरकोळ झाले. आणि मिनीबसमध्ये ज्यांचा उपयोग नव्हता, ते हलकेपणा आणि गुणगुणत चढणारा वेग, इथे मुख्य झाले. सर्व पिढ्या मिळून आरएक्स-७ आठ लाखांहून अधिक विकली गेली. जगात रोटरीचं नाव आज ज्या आदरानं घेतलं जातं, तो या गाडीनं मिळवलेला आहे.

१९७९ मध्ये फोर्डनं सुमारे एक चतुर्थांश हिस्सा घेतला आणि बँकेनं निःश्वास टाकला. १९८० ची फॅमिलिया जपानच्या पहिल्याच ‘कार ऑफ द इयर’ची मानकरी ठरली आणि २७ महिन्यांत दहा लाख बनल्या. १९८० या एका वर्षात कंपनीनं, दहा हजार माणसं कमी असताना, दहा लाखांहून अधिक वाहनं बनवली. १९८४ मध्ये तिनं तोयो कोग्यो हे नाव टाकून माझदा हेच नाव धारण केलं आणि अध्यक्ष झाले केनिची यामामोतो, सत्तेचाळीसांचे म्होरके. मुराई तोवर दुसऱ्या आजाऱ्याकडे गेले होते, असाही ब्रुअरीजकडे. तिथेही त्यांच्यापासूनच सुधारणेला सुरुवात झाली.

याच काळातला एक धागा आपल्यापर्यंत येतो. १९८३ मध्ये पंजाब ट्रॅक्टर्स, माझदा आणि सुमितोमो कॉर्पोरेशन यांनी मिळून स्वराज माझदा काढली. शाळेची बस किंवा वऱ्हाडाची मिनीबस म्हणून महाराष्ट्रात अनेकांनी ‘माझदा’ हे नाव पहिल्यांदा वाचलं ते तिच्यावर. ती डिझेलवर चालायची, रोटरीशी संबंध नाही. २०११ मध्ये ती एसएमएल इसुझू झाली आणि २०२५ मध्ये मुंबईच्या महिंद्रनं तिच्यातला बहुसंख्य हिस्सा घेतला.

कंपनीनं धडा कायमचा घेतला म्हणावं तर तसंही नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस, जमिनी आणि शेअर्सचे भाव फुगले होते त्या काळात, तिनं जपानात पाच वेगवेगळ्या नावांच्या विक्रीसाखळ्या उघडल्या. पुन्हा गळ्याशी आलं. १९९६ मध्ये फोर्डनं हिस्सा एक तृतीयांशावर नेला आणि हेन्री वॉलेस यांना अध्यक्ष केलं. मोठ्या जपानी मोटारकंपनीचा परदेशी अध्यक्ष तोवर कुणी पाहिला नव्हता. त्या प्रकरणात सुमितोमोनं १९७४ सारखं एकटीनं खांदा दिला नाही.

मायलेजच्या बाबतीत मात्र एक हिशेब १९९१ च्या जूनमध्ये चुकता झाला. फ्रान्समधल्या ल मांच्या २४ तासांच्या शर्यतीत माझदाची केशरी-हिरवी ७८७बी, क्रमांक ५५, चार रोटरचं इंजिन घेऊन उतरली. वायडलर, हर्बर्ट आणि गाशो हे तिघे चालक. आघाडीवरची मर्सिडीज शेवटच्या काही तासांत बिघडली आणि माझदानं ३६२ फेऱ्या मारून जॅग्वारला दोन फेऱ्यांनी मागे टाकलं. हर्बर्ट गाडीतून उतरले ते पाण्याअभावी कोसळलेच. विजयमंचावर त्यांना उभंही राहता आलं नाही. ल मां जिंकणारी ती पहिली जपानी गाडी. जिंकली म्हणून रोटरीवर बंदी घातली, ही चाहत्यांची आवडती कथा खरी नाही, ३.५ लिटर पिस्टन इंजिनांकडे जायचा नियम आधीच ठरलेला होता. आणि माझदाला वजनात सूट होती, ८३० किलो, जिथे प्रतिस्पर्ध्यांना १,००० किलो वागवावे लागत होते, हेही सांगायला हवं. पण त्या शर्यतीत माझदाला आणि तिच्या या प्रतिस्पर्ध्यांना चोवीस तासांसाठी इंधन मोजून मिळायचं: २,५५० लिटर. त्याच्या वर थेंब नाही. गॅलनला ११ मैलांची म्हणून जिची थट्टा झाली होती, ती मोजून दिलेल्या पेट्रोलची शर्यत जिंकली.

रोटरीवरची शेवटची स्पोर्ट्स कार, आरएक्स-८, २०१२ मध्ये बंद झाली. त्यानंतर अकरा वर्षांनी, जून २०२३ मध्ये, हिरोशिमातल्या उजिना कारखान्यात रोटरी इंजिनाची गाडी पुन्हा उत्पादनात आली. एमएक्स-३० नावाची विजेवर चालणारी मोटार, आत ८३० सीसीचा एकच रोटर. तो चाकं फिरवत नाही. बॅटरी उतरली की सुरू होतो आणि ती भरतो.